पणजोबांनी सांगितलेली माळ

एका जंगलात, मुलांनो, पोट बिघडण्याची साथ आली. जंगलाला पाणी दोन ठिकाणी. टेकडीवर झरा, खाली तळं. झऱ्यावर फक्त टेकडीवाल्यांनी जायचं, अशी वाघमहाराजांची आज्ञा होती. बाकीच्यांना तळं. त्यात महाराज रोज अंघोळ करत, म्हणून ते पवित्र होतं.

साथीवर उपाय लगेच झाला. तरस प्रधानांनी प्रत्येकाच्या गळ्यात कडुलिंबाची माळ बांधली. माळ महाराजांना सुचली होती, त्यामुळे ती गुणकारी होती.

तळ्याकाठी एक टिटवी राही. तिची शेजारीण सशीण. सशिणीला सात पिल्लं होती. साथीत तीन उरली, आणि त्या तिघांचीही पोटं धड नव्हती.

टिटवी ओरडली की लोक अपशकुन म्हणतात. म्हणून ती ओरडली नाही. तिने खडे गोळा केले. आजाऱ्याचा काळा, धडधाकटाचा पांढरा. मग दरबारात दोन ढीग मांडले. तळ्याचा ढीग काळाकुट्ट, झऱ्याचा पांढराशुभ्र.

"ह्यात माळ कुठे आहे?" प्रधानांनी विचारलं.

"माळ दोन्हीकडे होती. तिने काही फरक पडला नाही."

"हे तू म्हणतेस की खडे म्हणतात?"

"खडे म्हणतात."

"मग खड्यांना बाहेर काढा," प्रधान म्हणाले.

टिटवी परत आली. सशीण धाकट्याचं पोट चाटत बसली होती.

"खरं तेच सांगितलंस ना?" सशिणीने विचारलं.

"अगदी खडान्‌खडा."

"तिथेच चुकलीस, बाई. बाजारात कारली विकणारी 'कडू आहेत' असं कधी ओरडते का? माल तोच ठेव. हाक बदल."

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा दरबारात उभी राहिली.

"महाराज, चूक झाली. माळ गुणकारीच आहे. फक्त कोरडी बांधून चालत नाही. रोज झऱ्यात भिजवावी, आणि भिजवताना तिथलंच पाणी पोटभर प्यावं. तळ्याचा थेंब जरी पोटात गेला, तरी माळेचा गुण उतरतो."

"हे खड्यांनी सांगितलं?" प्रधानांनी डोळे बारीक केले.

"छे. महाराजांच्या पणजोबांनी. पहाटे स्वप्नात आले होते."

"मिशा कशा होत्या?" महाराजांनी विचारलं.

"डावी जरा आखूड."

"तेच ते," महाराज म्हणाले, आणि झरा सगळ्यांना खुला झाला.

पंधरा दिवसांत साथ ओसरली. सशिणीची तिन्ही पिल्लं बिळाबाहेर उड्या मारू लागली. प्रधानांनी फेकलेले खडे शोधून आणवले, नवे पांढरे त्यात घातले, आणि ढिगाशेजारी पाटी लावली : 'माळेचा पुरावा'.

कीर्ती पसरली. शेजारच्या जंगलातही साथ होती. तिथून हजार माळांची मागणी आली. प्रधानांनी माळा चांगल्या वाळवून, गठ्ठे बांधून पाठवल्या.

"आणि भिजवायचं?" टिटवीने विचारलं.

"ओल्या माळा वाटेत कुजतात," प्रधान म्हणाले.

टिटवी घरी आली नाही. तशीच शेजारच्या जंगलाकडे उडाली. तिथे राज्य वाघाचं आहे की सिंहाचं, आणि त्याच्या पणजोबांच्या मिशा कशा होत्या, एवढं तिला आधी विचारून घ्यायचं होतं.

तात्पर्य : शेवटी विजय सत्याचाच होतो. सत्कार माळेचा होतो. ज्याला दोन्ही हवे असतात, त्याच्या शेजाऱ्याची पिल्लं वाचत नाहीत.