वरच्या मजल्यावरचे स्नान

सन १८९४ च्या पौषात एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता, गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावर, गंगुबाईंच्या आमटीत वरून पाण्याचा थेंब पडला. त्यामागून दुसरा पडला. पाव घटका गळती चालू राहिली आणि थांबली, ती पुढच्या रविवारी साडेआठपर्यंत.

गंगुबाई खानावळ चालवीत. बायकामुले कोकणात ठेवून मुंबईस नोकरीला आलेले अकरा कारकून त्यांच्याकडे दोन वेळा जेवत, आणि त्या अकरांच्या जोरावरच खोली टिकून होती. धूर जाण्याचे भोक एकाच कोपऱ्यात असल्यामुळे चूल त्या कोपऱ्यात होती, आणि गळतीनेही तोच कोपरा निवडला होता. पहिल्या रविवारी एक कारकून पानावरून उठला तो परत आला नाही. दुसऱ्या रविवारी दोघे उठले. असेच आणखी महिनाभर चालले असते तर गंगुबाईंना पातेली विकून रत्नागिरीची आगबोट धरावी लागली असती.

गळतीच्या बरोबर वर तात्यांची मोरी होती. तात्या हे स्नानसंध्या संवर्धक मंडळीचे अध्यक्ष. तरुण पिढी थंड पाण्याला भिऊ लागल्यामुळे देशाची ही अवस्था झाली, या विषयावर त्यांची सात व्याख्याने झाली होती. ते स्वतः रोज पहाटे पाचला थंड पाण्याने स्नान करीत, आणि त्या वेळी म्हटलेले स्तोत्र शेजारच्या दोन चाळींनाही ऐकू जाई. मुंबईत पडते तेवढी थंडी त्या वर्षीही पडली होती, परंतु स्तोत्रात खंड पडला नाही.

गंगुबाई जिना चढून गेल्या.

"तात्या, तुमची मोरी गळते."

"केव्हा गळते?"

"रविवारी. साडेआठाला."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी नाही. मंगळवारी नाही. रविवारीच."

तात्यांनी उपरणे सारखे केले. "गंगुबाई, मी स्नान रोज करतो. पहाटे पाचला. माझी मोरी गळत असती तर रोज पाचला गळली असती. तुमच्याकडे गळते आठवड्यातून एकदा. तेव्हा ते पाणी माझे नव्हे."

"मग रविवारी साडेआठाला तुमच्याकडे आंघोळ कोण करतं?"

"कोणीही नाही," तात्या म्हणाले. तात्या एकटेच राहत असल्यामुळे या जबाबाला दुसरा साक्षीदार मिळणे शक्य नव्हते.

गंगुबाईंनी चाळीच्या मालकाचे गुमास्ते कुशाबा यांना गाठले. कुशाबांनी छताकडे पाहिले, ओली फळी बोटाने दाबली आणि सांगितले की तक्रार भाडेकरूंच्या कमिटीमार्फत आली पाहिजे. कमिटीचे अध्यक्ष तात्या होते. तात्यांनी तात्यांविरुद्धचा अर्ज उभे राहून स्वीकारला आणि आपण निःपक्षपाती असल्याचे जाहीर करून तो सरकारी ओव्हरसिअरकडे धाडला. साडेआठ हे मुंबईच्या घड्याळाचे की रेल्वेच्या मद्रासी घड्याळाचे, याचा खुलासा नसल्यामुळे अर्ज परत आला. खुलासा जोडल्यावर दौलतराव नावाचे ओव्हरसिअर स्वतः आले. मध्यंतरी आणखी एक कारकून गेला होता.

दौलतराव शास्त्रीय पद्धतीचे गृहस्थ होते. त्यांनी बुधवारी पहाटे तात्यांच्या मोरीजवळच्या हंड्यात चार घागरी पाण्यात धुण्याची नीळ कालवली. तात्यांनी याच पाण्याने स्नान करावे आणि खाली निळा थेंब पडतो का ते आपण पाहावे, असे ठरले. पाच वाजता दौलतराव चुलीपाशी पाटावर बसले. वर स्तोत्र सुरू झाले. मधूनमधून तांब्याही वाजला.

"साहेब," गंगुबाई हळूच म्हणाल्या, "हा रिकाम्या तांब्याचा आवाज. भरल्या तांब्याचा असा येत नाही."

"बाई, आवाजाचा रकाना आमच्या तक्त्यात नाही."

स्तोत्र संपले. एक थेंबही पडला नाही. थोड्या वेळाने तात्या खाली आले, कोरडे आणि गोरे. तपासणी अर्जदाराच्या छताची असल्यामुळे तात्यांकडे पाहण्याचा अधिकार दौलतरावांना नव्हता. मोरीतून पाणी मुळीच झिरपत नाही, असा दाखला त्यांनी तिथेच लिहून दिला.

रविवारी साडेआठाला भात निळा झाला.

"गंगुबाई, आज भाताला रंग कसला?" महादेव नावाच्या कारकुनाने विचारले. उरलेल्या सातांतला तो सर्वांत जुना.

"वरून आला."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून. देवाचं काही नाही त्यात. बुधवारची आंघोळ आज झाली."

महादेवाने हात आखडला. पण उठला नाही. हसू आवरेना म्हणून बसून राहिला.

सोमवारी कमिटीची तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी तात्या होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या निळ्या दिसत होत्या, त्या थंडीने, अशी नोंद झाली. दौलतरावांनी नवा अहवाल वाचला. दाखला एकदा दिलेला असल्यामुळे तो चुकीचा असू शकत नव्हता. तेव्हा बुधवारी ओतलेले पाणी रविवारी खाली आले, म्हणजे नऊ इंच जाडीची जमीन उतरायला त्याला चार दिवस लागले. यावरून पाण्याचा वेग दिवसाला सव्वादोन इंच ठरला. इतक्या सावकाश चालणाऱ्या पाण्याला गळती म्हणता येत नाही. ते फार तर मुक्काम करीत येते. अर्ज निकाली काढण्यात आला.

"मग मी काय करू?" गंगुबाईंनी विचारले.

"त्या वेळी चूल पेटवू नका," तात्या म्हणाले. "आठवड्यातून एक सकाळ. एवढे तर कोणीही सोसेल."

गंगुबाईंनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी महादेवाकडून पाटीवर दोन ओळी लिहून घेतल्या आणि ती पाटी रस्त्याकडच्या दारावर टांगली:

"दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर स्नान असल्यामुळे खानावळ बंद. इतर वारी नेहमीप्रमाणे चालू."

दुपारपर्यंत चाळीने ती वाचली, संध्याकाळपर्यंत गल्लीने. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना इतरांनी वाचून दाखवली, आणि 'इतर वारी नेहमीप्रमाणे' हे शब्द दोनदा वाचले. मंगळवारच्या पहाटे स्तोत्र सुरू होताच समोरच्या गॅलरीतून कोणी विचारले, "तात्या, आज रविवार का?" स्तोत्र एका चरणावर अडखळले.

तात्या तडक खाली आले.

"गंगुबाई, पाटी काढा."

"का बरं? चूक लिहिलंय? रविवारी तुम्ही स्नान करीत नाही?"

तात्यांना 'करतो' म्हणता येईना आणि 'करीत नाही' म्हणता येईना. असा प्रश्न त्यांच्या सातही व्याख्यानांत कोणी विचारला नव्हता.

"मोरी दुरुस्त झाली तर?" शेवटी त्यांनी विचारले.

"न गळणारी मोरी दुरुस्त करायला माझी ना नाही."

गुरुवारी दगडू गवंडी आला. त्याने चुना, सुरखी आणि गूळ कालवून मोरी अशी लिंपली की तीत विहीर साठवली तरी खाली कळू नये. रविवारी थेंब पडला नाही. पाटी उतरली. गेलेल्या चौघांपैकी तिघे परत आले. चौथ्याचे लग्न झाले होते. कमिटीने ठराव केला की गळती कधी नव्हतीच, आणि ती बंद केल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानले.

तात्यांचे स्तोत्र आजही रोज पहाटे पाचला ऐकू येते. खाली आता रविवारीही काही पडत नसल्यामुळे आठवड्यातला तो एक दिवसही उरला आहे की नाही, हे सांगण्यास साधन राहिलेले नाही.

दगडू मात्र त्यानंतर गंगुबाईंना दीड महिना भेटला नाही. चुलीचा ओटा बसला होता, म्हणून त्या त्याला शोधत गिरगावभर फिरल्या. तो एका वरच्या मजल्यावर सापडला, मोरी लिंपताना.

"इतकी कामं कुठून आली रे?"

"पाटी टांगली तेव्हापासून, बाई. एकवीस मोऱ्या झाल्या. कोणाची गळत नव्हती. गळायच्या आधी करून टाक म्हणतात."

"सगळे तात्यांच्या मंडळीतलेच का?"

"ते मी नाही विचारत. मी तुमची गोष्ट सांगतो आणि बघतो. कोणी वर छताकडं बघतं, तिथं मला काम नसतं. कोणी खाली आपल्या मोरीकडं बघतं, तिथं मी चुना कालवायला घेतो."

ही हकीकत वाचून झाल्यावर आपण कोणीकडे पाहिलेत, हे दगडूला कळवायचे झाल्यास तो सध्या गिरगावातच आहे. मात्र त्याला आता पुढच्या शिमग्यापर्यंत सवड नाही.