वाइमेर्सेल वाहिनीवर गोडेलिव्हबाईंची स्वारी

शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध अष्टमी, रविवार, इंग्रजी सन एकोणीसशे सत्याण्णव, ते दिवशी फ्लांडर्स मुलुखी मौजे वाइमेर्सेल येथे जो रणसंग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत लेहून पाठवावी ऐसी साहेबांची आज्ञा जाहली. आज्ञा शिरसा वंद्य करून, पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकिले ते ऐकिले म्हणून, पदरचे तिखटमीठ चवीपुरतेच घालून मजकूर मांडिला आहे. साहेबीं सावकाश बैसोन वाचावा.

प्रथम वाहिनीची उत्पत्ति. पूर्वी या प्रांती दूरदर्शनाचे राज्य राजधानीहून चाले, आणि राजधानीच्या बातम्यांत वाइमेर्सेलचे नाव दोन वेळां मात्र आले: एकदां पूर आला तेव्हां, आणि एकदां येणार येणार म्हणोन आलाच नाही तेव्हां. मग चार वर्षांमागे मुलुखातील थोरांनी मसलत करून सरकारातून सनद आणिली, आणि कालव्याकाठी कॉफीत घालावयाची चिकोरी वाळविण्याची जुनी भट्टी ओस पडली होती ती ताब्यात घेऊन, धुराड्यावर निशाण चढवून, वाहिनीची स्थापना केली. भट्टीचा वास काही गेला नाही. जो पाहुणा येई तो आत कॉफी कोणी केली म्हणोन विचारी.

कार्यक्रमांचा बंदोबस्त ऐसा की, सोमवारी रेमी खाटकाने सॉसेज भरून दाखवावे, बुधवारी अग्निशामक दलाचे बँडपथकाने तीन सूर एकदम वाजवावे, आणि हवेचा अंदाज एका वृद्ध शेतकऱ्याने आपले डाव्या गुडघ्यावरून सांगावा, तो बहुधा खरा निघे. नगराध्यक्षांनी रोज कशाची तरी फीत कापावी हा नेमच होता. परंतु वाहिनीचा मुख्य शिरस्ता म्हणजे फेरा. सायंकाळी सहाचे ठोक्यास बातम्या एकवार सांगाव्या, आणि मग तेच चित्रण दर तासास, दुसरे दिवशी सहास नव्या बातम्या होईपर्यंत, जैसेचे तैसे लावीत जावे. सहाची बातमी सातांस, तीच आठांस, तीच पहाटे गाईंची धार काढणारांस. सहास जे चुकले ते चोवीस वेळां चुकले. आणि सहानंतर सर्व दफ्तर घरोघर जाई, यंत्रापाशी एक लूडो नामे किल्लेदार राही, त्याचा अधिकार कळ दाबण्यापुरता.

आतां युद्धाचे कारण. या मुलुखी कबुतरांच्या शर्यतीचे वेड थोर. पाखरे करंड्यांत घालून फ्रान्स देशी बूर्ज शहरी नेतात, तेथे सोडितात, आणि ज्याचे पाखरू आधी घरचे छपरावर उतरले तो त्या रविवारचा राजा. या राज्यावर नऊ वर्षे फिर्मिन म्हणोन एका गृहस्थाचा अंमल होता. त्यांचे शेजारी आखील होस्टे, निवृत्त सुतार, मितभाषी, एक्केचाळीस वर्षे पाखरे उडवीत आले आणि दुसऱ्या क्रमांकापलीकडे कधी गेले नाहीत. वाहिनीच्या दफ्तरात तर फिर्मिन यांचे इतके पक्के जाहले होते की, पडद्यावर उमटवावयाची 'प्रथम: फिर्मिन' ही पाटी एकदांच करून ठेविली होती, दर रविवारी कोण नवी करीत बसतो म्हणोन.

आणि आखील यांचे कुटुंब गोडेलिव्हबाई. बाई सहासष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. कबुतरे म्हणजे त्यांस साठ सवती. शर्यतीचे दिवशी अंगणात धुणे वाळत घालावयाची बंदी, कां जे फडफडत्या चादरीस भिऊन पाखरू छपरावर उतरत नाही. मग ओल्या चादरी बाईंनी जिन्याच्या कठड्यावर वाळवाव्या आणि पाखरांचे कुळीचा उद्धार करावा, ऐसी एक्केचाळीस वर्षे गेली.

तो ते रविवारी एक वाजून सात मिनिटांनी आखील यांची निळी मादी आकाशातून दगडासारखी आली आणि छपरावर उतरली. गोडेलिव्हबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, शिव्या देता देता, आपल्या डोळ्यांनी पाहिली. शर्यतीच्या मंडळाने सर्वांची घड्याळे ताडून पाहिली, निळी प्रथम ठरली, आणि पांचाचे सुमारास चिटणीसांनी वाहिनीस फोन करून निकाल सांगितला. तो घेणाऱ्या कारकुनाच्या एका हाती फोन आणि दुसऱ्या हाती स्ट्रॉबेरीचा केक होता. तिसरा हात नसल्यामुळे नाव लिहिले गेले नाही, आणि रविवार आहे त्या अर्थी पाटी ठरलेलीच आहे ऐसे समजोन तीच लाविली.

सहास आखील इस्त्रीचा सदरा आणि टाय घालून टीव्हीपुढे बैसले. टाय त्यांनी यापूर्वी मुलीच्या लग्नात घातला होता. बातम्या सांगणाऱ्या वाकनवीस आनमीबाई गोड हसून म्हणाल्या की, फिर्मिन यांनी पुन्हा बाजी मारिली. आखील म्हणाले, "चुकून झालं असेल. सातला सुधारतील." सातांस तेच हसणे, तेच नाव. आठांस पुन्हा तेच. मग आखील यांनी टाय सोडिला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेविला, आणि बोलिले ते ऐसे:

"आपलंच घड्याळ मागं पडलं असेल गं. टीव्ही कशाला खोटं सांगेल? तीनदा सांगितलं."

"अहो, मी बघितलं ना तिला उतरताना!"

"तू कधी बघतेस त्यांच्याकडे," इतकेच म्हणोन ते शिडी चढून माळ्यावरील खुराड्यात गेले आणि पाखरांत जाऊन बैसले.

बाईंचे काळजास घर पडले. नवरा हरल्याचे त्यांनी एक्केचाळीस वर्षे पाहिले होते, त्याचे काही वाटत नसे. परंतु जिंकलेला माणूस आपण हरलो ऐसे मानू लागला, हे पाहवेना. नवाचा फेरा लागला, दहाचा लागला, तर उद्यां सायंकाळपर्यंत या मनुष्याचे मनातून ती निळी कायमची उडून जाईल, हे बाईंनी ताडिले. अंगावर एप्रन तैसाच, त्यावर लोकरी जाकीट चढविले, आणि बाजाराची लाल सायकल काढून, खाशा एकट्या, सव्वाआठास कूच केले.

पहिला मुकाम झेर्मेनबाईंचा कॅफे. तेथे फिर्मिन यांचा दरबार भरला होता आणि बियरचे पेले लढत होते. साक्षीदार सांगतात ते ऐसे की, सहास फिर्मिन खो खो हसले आणि टीव्हीवाल्यांचे डोके फिरले म्हणाले. सातांस हसले नाहीत, मिशी चाचपिली. आणि आठांस उभे राहून मंडळींचे आभार मानिले. इतक्यांत बाईंनी दरवाजा लोटिला.

"फिर्मिन, तुमचं पाखरू किती वाजता उतरलं?"

"या या वहिनी, बसा तरी. काय घेणार?"

"किती वाजता?"

"एक वाजून... एकोणीस. पण वहिनी, टीव्हीवर तीनदा सांगितलं हो! इतक्यांदा खोटं कोण सांगतं?"

"माझी सासू सांगायची. मागं वळा."

फिर्मिन वळले, आणि त्यांचेबरोबर वीस माणसे वळली. टीव्हीसमोरचे भिंतीवर मंडळाचे शिक्क्याचा निकालाचा कागद चार टाचण्यांनी लाविलेला होता, आणि सर्व दरबार सहापासून त्याकडे पाठ करून टीव्ही पाहत होता. कागदावर पहिले नाव आखील. फिर्मिन चौथे. फिर्मिन कानापर्यंत लाल जाहले. गृहस्थ वाईट नव्हे, तीन वेळां ऐकून त्यांचा स्वतःवर विश्वास बसला होता इतकेच. मग त्यांनी पेला खाली ठेवून टोपी घातली.

"चला वहिनी. माझ्याच तोंडानं सांगतो, फिर्मिन हरला म्हणून. अहो, चौथा म्हणजे काही वाईट नाही."

"वाईट नाहीच. आमच्यापेक्षा तीनच खाली."

मग कागद टाचण्यांसकट काढून घेतला, आणि बाई पुढे, फिर्मिन मागे, ऐसे कालव्याचे काठाने दौडत पावणेनवास भट्टीस वेढा घातला. घंटा वाजविली. लूडो किल्लेदार फ्रेंच फ्राइज खात वरच्या खिडकीत आला आणि त्याने जाहीर केले की, सहास जे गेले ते उद्यां सहापर्यंत, यांत फेरफार करावयाचा अधिकार एक मुख्य संपादकांस, आणि ते समुद्रकाठी सुट्टीवर असोन फोन उचलीत नाहीत.

"लूडो, तुझी आई दर गुरुवारी माझ्याशेजारी बसून विणते. तिला सांगू? की तुमचा लूडो गावाला खोटं दाखवतो, आणि तेही दर तासाला?"

"काकू, आईला कशाला मध्ये आणता!"

"मग दार उघड."

किल्ले पूर्वी तोफांनी पडत, हा आईचे नावाने पडला. लूडोने दरवाजा उघडून हात पुसले आणि शरणागत होऊन अडचण निवेदन केली. आनमीबाई घरी गेल्या, नवे सांगणार कोण? शिवाय कबुतरांचे बातमीस जागा चाळीस सेकंदांची. जास्त बोलल्यास पुढे नगराध्यक्ष फीत कापितात त्यांचे डोके उडते, आणि कमी बोलल्यास पडद्यावर काळोख होतो, मग लोक उठून टीव्ही ठोकितात. फिर्मिन म्हणाले हात्तीच्या, त्यात काय, आणि वाकनवीसांच्या आसनावर जाऊन बैसले. दिवे लागले. नऊ वर्षांचे राजे कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहत राहिले, तोंड उघडिले, मिटिले, पुन्हा उघडिले, आणि आवाज म्हणोन फुटला नाही. घड्याळात नवास सात मिनिटे होती.

"उठा तुम्ही," बाईंनी फर्माविले, आणि खाशा आसनावर चढल्या. पाय जमिनीस पुरत नव्हते, ते कॅमेऱ्यात दिसले नाही. एप्रन दिसला. बाईंनी कागद समोर धरिला आणि वाचिले:

"कबुतरांच्या बातमीत चूक झालेली आहे. बूर्जच्या शर्यतीत पहिली आली ती आखील होस्टे यांची निळी, एक वाजून सात मिनिटांनी. मी स्वतः बघितली, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. फिर्मिन चौथे आले. ते इथेच उभे आहेत आणि त्यांना मान्य आहे."

मजकूर संपला. तो लूडो कॅमेऱ्यामागून दोन्ही हातांची बोटे दाखवी, आणि मग एका हाताची आणखी: पंधरा सेकंद बाकी! बाईंपाशी कागद सरला, शब्द सरले. काचेकडे पाहता पाहता त्यांस माळ्यावर पाखरांत बैसलेला मनुष्य दिसू लागला, आणि मग जे तोंडास आले ते बोलिल्या.

"आखील म्हणजे माझा नवरा. एक्केचाळीस वर्षं मी या पाखरांना शिव्या घातल्या. आज नाही घालत. अहो, ऐकताय ना? तुम्ही जिंकलात. खरंच जिंकलात. आणि चुलीवर खिम्याच्या गोळ्यांचं टोमॅटोचं सार आहे, तेवढं बंद करा, नाहीतर गोळे..."

येथे जागा सरली आणि नगराध्यक्षांनी फीत कापिली.

लूडोने हे चित्रण जुन्याचे जागी जोडिले, आणि नवास ते मुलूखभर गेले. कॅफेत टेबले बडविली, खाटकाने खिडकी उघडून जयजयकार केला. फक्त ज्यांसाठी हा सर्व खटाटोप, ते आखील माळ्यावर होते. साडेनवास बाई घरी पोहोंचल्या, तो दारातच जळका वास. तेव्हां त्यांनी जाणिले की यांनी काही पाहिले नाही. त्या पायरीवर बैसल्या. मग उठोन शिडीखाली उभ्या राहून हाक मारिली, आणि आखील खाली आले, आणि दहास दोघे टीव्हीपुढे बैसली. आखील यांनी पडद्यावरील गोडेलिव्ह पाहिली, मग शेजारची पाहिली, मग पुन्हा पडद्यावरील. चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसला. ते रात्री पावचीज खाल्ले.

पुढे फेऱ्याचा शिरस्ता चालला, तो आतां कोणाच्याने मोडवेना. दर तासास वाइमेर्सेलास कळे की आखील जिंकले आणि सार उतू जात आहे. सोमवारी पाववाला दारातूनच विचारी, "काय आखीलदादा, बंद केलंत का?" चर्चमधील पाद्रीबोवांनीही विचारिले. मुख्य संपादक समुद्रावरून लाल होऊन परतले आणि लूडोचे पारिपत्य करणार होते, परंतु त्या बाई पुन्हा कधी बातम्या देणार म्हणोन इतके फोन आले की, त्यांनी पारिपत्य तहकूब केले, आणि तयार पाट्या त्या दिवसापासोन बाद केल्या.

आखील यांनी एकूण एकवीस फेऱ्यांपैकी माळ्यावर असल्याने एक दवडिला, बाकी वीस पाहिले. रात्री गजर लावून पाहिले. सोमवारी पांचास शेवटला फेरा लागला, तेव्हां बाई आतून ओरडल्या, "पुरे की आता! पाठ झालं असेल गावाला. बंद करा तो!"

"थांब गं," आखील म्हणाले, "सहाला पुसून टाकतील ते."

बाई हात एप्रनास पुसून बाहेर आल्या, आणि नवऱ्याशेजारी टेकून, आपण काय बोलिलो ते अवघे चाळीस सेकंद त्यांनी प्रथमच नीट ऐकिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. भट्टीचा किल्ला एके दिवशी घेतला, तो त्याच दिवशी परत दिला. निळी प्रथम, आखील प्रथम, हे कायम जाहले. उभयपक्षीं जखमी कोणी नाही. साराचे पातेले एक जळोन कामी आले, बाकी सर्व सुखरूप.