कव्हरवरचं पत्र

नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे अख्ख्या पिपरी मेघेत मला एकट्यालाच कळतं, असं माझं ठाम मत होतं! साल १९९७. बी.कॉम. होऊन चार वर्षं झालेली, भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह आणि बोलायला कोणी नाही. बाबा लहानपणीच गेले, आईला जाऊनही सहा वर्षं झाली होती. दिवसभरात माझाच आवाज मला एकदा ऐकू यायचा, दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना!

अशात आर्वीच्या एका जिनिंग फॅक्टरीची जाहिरात दिसली. 'बारा जणांच्या ऑफिसात एक कारकून पाहिजे.' पगार मी नंतर वाचला. आधी ते बारा जणच दिसले! दुपारी डबे उघडणार, कोणीतरी विचारणार, "काऊन रे, आज भाजी नाई आणली?" नोकरी मला हवीच होती.

खाली छापलं होतं, 'कव्हर लेटर आवश्यक.' आता आमच्याकडे कव्हर म्हणजे पाकीट. पोस्टात "एक कव्हर द्या" म्हटलं की पाकीटच मिळतं. मग कव्हर लेटर म्हणजे काय? कव्हरवर लिहिलेलं लेटर! साहेबाला पाकीट फोडायचासुद्धा त्रास नको. वा रे डोकं! मी दुकानातलं सगळ्यात मोठं खाकी कव्हर आणलं, अर्ज आत घातला, पत्ता कोपऱ्यात लिहिला आणि उरलेल्या जागेत टपोऱ्या अक्षरांत पत्र लिहिलं:

'महोदय, माझ्या घरी आता कोणीही राहिलेले नाही. सबब लग्न, बारसे, आजारपण यासाठी रजा मागणार नाही. दिवाळीलाही कामावर येईन. आपला नम्र, योगेंद्र कुबडे, मुक्काम पिपरी मेघे.'

पेटीतलं टपाल काढलं पोस्टमन प्रेमदासनं. एवढी टपोरी अक्षरं, त्यानं काय डोळे मिटून घ्यायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण वच्छलाबाई दारात रडत उभ्या!

"बापा रे! घरचे सारे गेले, आन् मले सांगितलं नाई?"

"अहो मावशी, पण..."

"चूप राह्य! सुतकात चूल पेटवून राह्यला?" त्यांनी माझा चहाचा स्टोव्ह विझवला आणि झुणका-भाकर समोर ठेवली.

मागोमाग गल्लीतले बंडूजी पाच-सहा माणसं आणि सतरंजी घेऊन आले. टोपी काढून म्हणाले, "कसं झालं जी?"

"कोणाचं?"

"धक्का बसला पोराले!" बंडूजी सगळ्यांना म्हणाले.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. कबूल! पण शेजारच्या सुलोचनाबाईंनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आई कशी होती रे तुही?" सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी ढसाढसा रडलो. अगदी खरंखुरं! मग तर कोणाला शंकाच उरली नाही.

चार दिवस खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी आईच्या वांग्याच्या भाजीबद्दल सांगितलं, तिच्या रागाबद्दल सांगितलं. इतका बोललो की घसा बसला! देवाशपथ सांगतो, इतकं सुखाचं सुतक कोणी पाळलं नसेल.

पाचव्या दिवशी बंडूजींनी खिशातून डायरी काढली. "तेरवी कोन्या तारखेले? आचाऱ्याले सांगा लागते."

"बंडूजी... तेरवी झाली."

"कधी?"

"सहा वर्षांमागं."

वच्छलाबाई कडाडल्या, "मंग आम्ही चार दिवस कोनासाठी रडून राह्यलो?" त्यांनी भाकरीचं टोपलं उचललं. बंडूजींनी सतरंजी ओढली, मी तिच्यावर बसलेला असतानाच! पाच मिनिटांत खोली रिकामी. बंडूजींसोबतची माणसं गेली, सुलोचनाबाईही वळून न बघता गेल्या.

दुपारी प्रेमदास आर्वीचं पत्र घेऊन आला. त्याच्यासमोरच मी ते फोडलं.

'आपल्यावर कोसळलेल्या दुःखाबद्दल आपल्या कव्हरवरून कळले. अशा वेळी मुलाखतीची तसदी देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सबब जागा अन्य उमेदवारास दिली आहे.'

"प्रेमदास, बस ना. चहा ठेवतो."

"नाई जी, दोन गल्ल्यांचं टपाल वाटाचं राह्यलं." गेला.

आता कव्हर लेटर म्हणजे काय ते मला बरोब्बर कळलंय बरं का! वेगळ्या कागदावर लिहितो, व्यवस्थित घडी करतो, आत घालून वरून डिंक लावतो. एकदम कायदेशीर! फक्त तेव्हापासून माझं पत्र कोणी वाचत नाही.