नऊ जागा, सगळे गवाणकर

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिकीट काढण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वसईत सापडायचा नाही! बावीस वर्षं झाली, गणपतीला कोकणात जाणाऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही माणसाचं तिकीट वेटिंगवर राहिलेलं नाही. सातिवलीत ज्या खोक्यांच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथे मला शांताराम गवाणकर म्हणून कुणी ओळखत नाही. 'कन्फर्म' म्हणतात!

त्यामुळे आमच्या हिने जेव्हा जपान काढलं, तेव्हा मी छाती फुगवूनच म्हणालो, "सोड माझ्यावर!"

आमची ही म्हणजे सुनंदा. वसईच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवते. एकतीस वर्षं दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखी काढते आणि आजतागायत एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पोरं विचारतात, "बाई, तुम्ही बघितलाय?" आणि ही म्हणते, "पुढचं पान काढा." येत्या मे महिन्यात ती रिटायर होणार. त्याआधी डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय, नंतर बरेच महिने चढउतार बंद. म्हणजे काय ते या दिवाळीच्या सुट्टीतच, नाहीतर राहिलंच.

तिने शोधून काढलेलं बेट टोकियोच्या खाली भर समुद्रात. नाव मला आजही एका दमात घेता येत नाही. वस्ती दीड-दोनशे माणसांची. अख्खं बेटच ज्वालामुखी, आणि जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर तिथले लोक बटाटे उकडतात! विमानाची तिकिटं झाली, व्हिसा झाला. बेटावर फुमिकोबाई म्हणून एक म्हातारी घरगुती खोल्या देते, ती खोलीही ठरली. राहायची सोय नसेल तर बेटावर येऊच देत नाहीत म्हणे. उरला शेवटचा टप्पा. शेजारच्या मोठ्या बेटावरून तिथे जायचं हेलिकॉप्टर. बोटही आहे, पण समुद्र खवळला की ती निघत नाही, आणि तो बहुतेक खवळलेलाच असतो.

हेलिकॉप्टर दिवसाला एक. जागा नऊ. बुकिंग महिनाभर आधी, फोनवर, तिकडच्या सकाळी नऊ वाजता. म्हणजे आपले साडेपाच!

"ही तर गणपतीचीच गाडी," मी म्हणालो आणि फौज गोळा केली. मुलगी आर्या, तिची जपानी भाषेची एक परीक्षा झालेली आहे. गिरीजहून सुनंदाचा भाऊ परेश, केळीच्या वाडीला पाणी लावायचं सोडून आलेला. आणि खालच्या मजल्यावरचे स्टॅनी आणि फ्लॉसी. मी धरून पाच फोन! आर्याने प्रत्येकाला मराठी अक्षरांत जपानी लिहून दिलं. बुकिंग हवंय, बारा नोव्हेंबर, नाव गवाणकर, माणसं दोन.

"आणि ती उलट काही बोलली तर?" स्टॅनीने विचारलं.

"हाइ म्हणायचं, अंकल. हाइ म्हणजे हो."

"काहीही बोलली तरी?"

"काहीही बोलली तरी हाइ!" मी मध्येच ठणकावून सांगितलं. "आणि लक्षात ठेवा, एकाचं झालं म्हणून बाकीच्यांनी थांबायचं नाही! जास्त मिळालं तर रद्द करता येतं, कमी मिळालं तर नुसतं रडता येतं!"

"अहो, नऊच जागा आहेत," सुनंदा म्हणाली. "लोकांच्या अडवू नका."

"तू चहा टाक," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

बारा ऑक्टोबर, सकाळी पाच अठ्ठावीस. आवाज आवाजात मिसळू नये म्हणून आर्या गॅलरीत, परेश स्वयंपाकघरात, स्टॅनी-फ्लॉसी खाली त्यांच्या घरात, आणि मी हॉलमध्ये देवासमोर. सुनंदा दारात उभी. चहाचा कप तिने हातात धरलेला, पण पीत नव्हती.

साडेपाच! लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज! पाच पस्तीस. एंगेज! महिन्याभराची तयारी, विमानाचे पैसे, हिची एकतीस वर्षं, सगळं त्या टुंगटुंग आवाजात बुडत होतं. "मेला कोण अडवून बसलाय लाइन!" मी ओरडलो. तो 'मेला' आमच्याच स्वयंपाकघरात उभा राहून "हाइ, हाइ" करत होता, हे मला नंतर कळलं.

पाच बेचाळीसला लागला! पलीकडून एक गोड आवाज. मी कागद वाचला. ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "हाइ!" ती पुन्हा बोलली. "हाइ!" ती म्हणाली, "गवाणकर-सामा?" म्हटलं, "हाइ हाइ हाइ!"

"झालं!" मी उडीच मारली.

"माझंही झालं!" गॅलरीतून आर्या.

"भाऊजी, माझं तर केव्हाच झालं!" परेश.

तेवढ्यात स्टॅनी धापा टाकत वर आला. "दोन घेतल्या, शांताराम! दोन!" आणि मागून फ्लॉसी. "माझ्याशी ती खूप बोलली बाबा. माफी मागत होती वाटतं. एकच उरलीय का काय. मी म्हटलं, हाइ! दे तीच!"

दोन चोक आठ आणि फ्लॉसीची एक. नऊ! अख्खं हेलिकॉप्टर गवाणकरांचं! त्या बाईला वाटलं असणार, भारतातून कुणी मोठं खानदान यायचंय. आम्ही टाळ्या पिटल्या. परेशने वाडीतल्या केळ्यांचा घड फोडला. सुनंदा तेवढी हसली नाही.

सात वाजता फुमिकोबाईंचा मेल आला. आर्या मोठ्याने वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई टोकियोत. परतीला डॉक्टरांनी बारा नोव्हेंबरची परवानगी दिलेली. पण आज हेलिकॉप्टर पंधरा मिनिटांत भरलं, असं कधी होत नाही म्हणे. बोटीचा भरवसा नाही. 'मीच घरी पोचू शकत नाही, तेव्हा तुमची खोली मला नाइलाजाने रद्द करावी लागते आहे. मनापासून क्षमा मागते.'

परेशने सोललेलं केळं हळूच खाली ठेवलं.

"म्हातारीची जागा आपण खाल्ली," सुनंदा म्हणाली. "आणि क्षमा ती मागतेय! शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं ना, तर बाकावर उभं केलं असतं मी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. ताबडतोब हुकूम सोडला. "माझं बुकिंग सोडून बाकी सगळ्यांनी आपापलं रद्द करा! म्हातारीला जागा मोकळी, खोली परत पक्की!"

पुन्हा फोन. पुन्हा आर्याचं जपानी वाक्य. परेशने रद्द केलं. आर्याने केलं. स्टॅनीने, फ्लॉसीने केलं. सात जागा सुटल्या. जीव भांड्यात पडला.

इथेच गप्प बसायचं ना? पण म्हटलं, आपलं सुरक्षित आहे ना, बघून घ्यावं. आर्या आंघोळीला गेली होती. मीच लावला.

"गवाणकर," मी म्हणालो.

ती बिचारी लांबलचक काहीतरी बोलली. आवाजात काळजी होती. शेवटी प्रश्न असावा. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हाइ!"

तिने पुन्हा विचारलं, आणखी सावकाश. मी आणखी जोरात, "हाइ!"

आर्या ओल्या केसांनी बाहेर धावत आली. फोन स्पीकरवर होता. "बाबा! ती विचारत होती, चार गवाणकर रद्द झाले, आता उरलेलं गवाणकरही रद्द करू का!"

ती फोनवर झडप घालून बोलत राहिली. सुमिमासेन, सुमिमासेन, म्हणजे माफ करा, माफ करा. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने फोन ठेवला तेव्हाच मला उत्तर कळलं. सकाळपासून ताटकळलेले बेटावरचे लोक भराभर आत आले होते. हेलिकॉप्टर फुल्ल. त्यात गवाणकर शून्य!

सुनंदा आत गेली. साडी नेसली, खडूंची डबी पर्समध्ये टाकली आणि शाळेत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! त्या दिवशी सहावीला ज्वालामुखीच होता.

संध्याकाळी ती घरी आली आणि कुणाला न विचारता फुमिकोबाईंना पत्र लिहायला बसली. त्या नऊ जागा आम्हीच अडवल्या होत्या, हे सरळ कबूल केलं. सोबत त्या दिवशीच्या फळ्याचा फोटो लावला. आर्याने भाषांतर करून पाठवलं. दोन दिवस मी मोबाइलकडे बघायचं धाडस केलं नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सुटलेल्यातल्या दोन जागा फुमिकोबाईंनाच मिळाल्या होत्या, एक स्वतःला आणि एक लेकीला. 'लेक नंतर बोटीने येईल. तिची जागा मी तुमच्या नावावर केली आहे. बाईंनी यावं.'

जागा एक. बाईंची.

तर मंडळी, मीही जपान पाहिलं. म्हणजे अलीकडचं बेट पाहिलं. सुनंदा परेशच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, म्हातारीसाठी पिशवीत घेऊन हेलिकॉप्टरात बसली आणि मी खालून हात हलवला. मग रोज सकाळी धक्क्यावर जायचो. तिथला माणूस दोन्ही हातांची फुली करून दाखवायचा. बोट नाही. तीन दिवस, तीन फुल्या!

चौथ्या दिवशी ती परतीच्या हेलिकॉप्टरातून उतरली. गुडघा धरून, पण असं हसत की लग्नाच्या फोटोतसुद्धा तशी हसलेली नाही. पर्समधून कागदात गुंडाळलेला एक बटाटा काढला.

"खा. सकाळी वाफेवर ठेवला होता. अहो, एकतीस वर्षं मी चित्र अर्धंच काढत होते! त्या मोठ्या विवराच्या पोटात आणखी एक डोंगर आहे, छोटा, हिरवागार. मी काठावर उभी राहून रडले."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बटाटा गार होता, तरी म्हटलं, "पुढच्या वेळी आपण दोघं. तिकीट मी..."

"तिकीट मी काढीन," ती म्हणाली. "तुम्ही चहा टाकायचा. कळलं?"

"हाइ," मी बटाट्याचा घास तोंडात असतानाच म्हणालो. या वेळी प्रश्न नीट समजला होता.