अठ्ठावन्न खिळ्यांचा बाक

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या हातात कला आहे! दिसत नाही, हा भाग वेगळा. पण आहे. वडील सुतार, आजोबा सुतार, पणजोबा सुतार. मध्ये मीच काय तो शिकलो आणि ऑफिसात अर्जांवर शिक्के मारायला बसलो. पण रक्त कुठे जाणार? म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांची रजा टाकली आणि पहिल्याच सकाळी घरात जाहीर केलं, "या सुट्टीत मी स्वतःच्या हातांनी बाक करणार! फाटकाबाहेर, वर छान छप्पर. आप्पांना पेपर वाचत बसायला!"

आप्पा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या. कुणाच्या कामाला ते वाईट म्हणत नाहीत. नुसता अंगठा फिरवतात आणि "हं" म्हणतात. शाळेत मी केलेल्या पेनांच्या डब्यापासून ते मला मिळालेल्या बढतीपर्यंत सगळ्याला मला "हं"च मिळालेलं आहे. त्यांच्या तोंडून एकदा तरी "छान" ऐकायचं, हा माझा पण होता. पंचेचाळीस वर्षं थांबलो होतो आणि आता रजा मंजूर झाली होती.

"बाक-बिक काय तो पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या आत आटपा," ही म्हणाली. "रविवारी आपण सगळे तळ्यावर जायचंय. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही नळ दुरुस्त केलात, आणि सहल राहिली बाजूला, चार दिवस घरातच होड्या सोडल्या आम्ही!"

"तो नळच जुना होता!"

"आणि त्याच्या आधी पंखा?"

पंख्याचा विषय मी वाढवला नाही.

तीन दिवसांत बाक उभा राहिला! वर पत्र्याचं छप्पर, बाकाला निळा रंग. आप्पा बाहेर आले. मी श्वास रोखला. त्यांनी बाकाला एक प्रदक्षिणा घातली.

"खिळे किती मारलेस रे?"

"अठ्ठावन्न!"

"याला आठ पुरतात."

"मग पन्नास जास्तच आहेत की, आप्पा! मजबुती!"

आप्पांनी बाकाच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवला, अंगठ्यात शिरलेलं कुसळ शांतपणे काढलं आणि म्हणाले, "हं."

बाक जरासा डुगडुगत होता. मी म्हटलं, रस्ताच वाकडा आहे. "नाचता येईना अंगण वाकडं!" असं म्हणून हिने एका पायाखाली वीट सरकवली. असो. आप्पा म्हणाले, "रंग वाळू दे, उद्या बसून बघतो." बसून बघतो! म्हणजे आशा होती! माणूस एकदा सावलीत टेकला, वारा लागला, की "छान" आपोआप तोंडून निघतंच.

दुसऱ्या दिवशी आप्पा पेपर घेऊन बाहेर गेले आणि मिनिटभरात परत आले.

"काय झालं आप्पा?"

"जागा नाही."

मी धावत बाहेर गेलो. बाकावर चार अनोळखी माणसं दाटीवाटीने बसलेली!

झालं होतं असं. बसथांबा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. थांबा कसला, नुसता एक खांब. ऊन असं की खांबसुद्धा पळून जाईल. त्या अख्ख्या रस्त्यावर पहिली सावली पडली ती माझ्या छपराची. लोक इथे बसायचे आणि बस दिसली की खांबाकडे धूम ठोकायचे. दोन दिवस ही पळापळ चालली. तिसऱ्या दिवशी काखेत बाळ आणि हातात दोन पिशव्या घेऊन एक बाई धावताना दिसली आणि ड्रायव्हरला पाझर फुटला. त्याने बस आमच्या फाटकासमोरच उभी केली. संपलं! तेव्हापासून प्रत्येक बस तिथेच.

मी कंडक्टरला गाठलं. "अहो, हा बसथांबा नाही!"

"मग ही माणसं काय करतायत इथे?"

"बसची वाट बघतायत."

"आणि आम्ही काय चालवतोय? होडी?" असं म्हणून त्याने घंटी मारली.

पण मी काय हार मानणारा आहे? लगेच पाटी रंगवली: 'हा बाक फक्त आप्पांसाठी राखीव.' लोक भले निघाले. आप्पांची जागा रिकामी ठेवून उभे राहू लागले आणि कुणी म्हातारा दिसला की आदराने विचारू लागले, "आप्पा आपणच का?" आता चाळीस अंश उन्हात कोण नाही म्हणेल? दुपारपर्यंत बाकावर तीन आप्पा बसले होते! आमचे आप्पा तिथे गेले, तर त्यातल्या एकाने त्यांनाच दरडावलं, "वाचता येतं ना? पाटी बघा!"

आप्पा आत आले. "तिथे तिघं आहेत," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसून पेपर वाचू लागले.

मला फार लागलं हो ते! पण मग डोक्यात प्रकाश पडला. लोकांना स्वतंत्र बाक दिला, तर आप्पांचा बाक आपोआप मोकळा होणार! साधा हिशेब! रात्रंदिवस एक करून दुसरा बाक ठोकला. छप्परही वाढवलं. परिणाम असा झाला, की एक बाक असताना लोकांना जी थोडीफार शंका होती, तीही फिटली. एक बाक म्हणजे कुणाची तरी हौस, दोन बाक म्हणजे खात्याची सोय! पलीकडच्या तीन गल्ल्यांतून माणसं येऊ लागली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशात आमच्या चिमीने उडी घेतली. चिमी दहा वर्षांची. शाळेला सुट्टी. तिला छंदवर्गाला घालायचं चाललं होतं, तिने स्वतःच वर्ग शोधला. बसचं वेळापत्रक रंगीत खडूंनी काढून फाटकावर टांगलं, गळ्यात माझं घड्याळ अडकवलं, आणि बस आली की खुर्चीवर उभी राहून ओरडायची, "सहा मिनिटं उशीर! का?" ड्रायव्हर लोक तिला घाबरून वेळेवर येऊ लागले. बस वेळेवर येते म्हटल्यावर गर्दी आणखी वाढली.

मग आमचे शेजारी. शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. निवृत्त झाल्यापासून शिट्टी वाजवायला त्यांना कारण मिळालं नव्हतं. ते आता मिळालं! "रांगेत!" मास्तर गरजले. पण रांग उन्हात कशी लावणार? छपराखाली मावणार पंधरा माणसं. मास्तरांनी रांग आमच्या फाटकातून आत वळवली, व्हरांड्यात घेतली. व्हरांडा भरला तशी दिवाणखान्यात, पंख्याखाली. बोट दिलं की हात धरतात म्हणतात ना, ते हे! एका सकाळी मी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो तर रांग स्वयंपाकघरातून जाऊन मागच्या दाराने परसात पोचली होती.

"अहो, रांगेत या ना!" एक गृहस्थ मला म्हणाले.

"मी इथे राहतो!"

"सगळे हेच सांगतात."

मला वाटलं, ही आता माहेरी निघून जाणार. पण बायका आपल्यापेक्षा व्यवहारी! तिने दोन दिवस कपाळाला हात लावला, तिसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग रांगेच्या कडेला ठेवला. "पुढे सरकताना एकेक कपडा घडी करून ठेवा हं!" स्वयंपाकघरात मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. "एकेकाने मूठभर सोला!" खिडकीपाशी दोन फडकी. आमच्या घरात कपड्यांच्या इतक्या सुरेख घड्या लग्नापासून पडल्या नव्हत्या. एका बाईंनी तर माझ्या शर्टाची दोन बटणं लावून दिली आणि वर हिला सुनावलं, की नवऱ्याकडे जरा लक्ष देत जा.

आप्पा मात्र स्टुलावर. त्यांच्यासाठी म्हणून केलेल्या बाकावर अख्खी दुनिया बसून गेली होती, एक ते सोडून! माझा जीव तुटत होता. शेवटी मी माझं हुकमी हत्यार बाहेर काढलं. अर्ज! वीस वर्षं अर्जांत घालवली आहेत मी. तीन प्रतींत बस खात्याला लिहिलं, की अमुक रस्त्यावर बेकायदा थांबा सुरू आहे, बस थांबवणं ताबडतोब बंद करावं. खाली सही, 'एक त्रस्त नागरिक'. मला वाटलं, आमच्या ऑफिसाप्रमाणे आठ महिने तरी जातील, तोवर उन्हाळाही संपेल. कुठेतरी काम झटपट होत असेल, असा संशयसुद्धा मला आला नाही!

रविवार उजाडला. तळ्यावर जायचा दिवस. चटई, डबे, पाण्याच्या बाटल्या, चिमीचा चेंडू, सगळं घेऊन आम्ही झोपायच्या खोलीचं दार उघडलं आणि थेट रांगेत पाऊल पडलं. फाटकापर्यंत जायचं तर मध्ये चाळीस माणसं!

"मागे! मागे!" सगळे ओरडले.

"अहो, माझं घर, माझा बाक!"

"ते काही नाही! शिस्त म्हणजे शिस्त!" मास्तरांनी शिट्टी मारली. "ज्येष्ठांना तेवढी सवलत. आप्पा, तुम्ही पुढे व्हा."

आप्पा गेले पुढे. आम्ही तिघं गेलो परसात, रांगेच्या शेवटी. स्वतःच्या घरात शिरायला मी अर्धा तास उभा होतो! स्वयंपाकघरात पोचेपर्यंत मी दोन मुठी मटार सोलले. हिने नाही सांगितलं, सवयीने सोलले.

तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसलं, बस खात्याचे एक साहेब उतरले. हातात माझा अर्ज! मागे दोन माणसं, पहारी घेऊन!

"हे बांधकाम आमच्या नोंदवहीत नाही!" साहेब कडाडले. "सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना दोन बाक! हे आत्ताच्या आत्ता मोडून नेणार, आणि ज्याने केले त्याच्यावर कारवाई होणार! कोणी केले हे?"

मी अर्ज दिला होता बस थांबवू नये म्हणून, बाक मोडायला नव्हे! ज्या बाकावर आप्पा अजून एकदाही बसले नव्हते, तो माझ्या डोळ्यांदेखत मोडणार! मी पुढे घुसलो.

"जाऊ द्या मला! तो बाक मी..."

"रांग मोडू नका!" आठ-दहा हातांनी मला धरलं. हिने मागून असा चिमटा काढला की पुढचे शब्द घशातच राहिले. मी खिडकीचे गज धरून बघत राहिलो.

साहेब आप्पांसमोर उभे राहिले. "आजोबा, तुम्ही इथलेच दिसता. कोणी केलं हे काम?"

आप्पा आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. मी डोळे मिटले.

"तुमच्याच खात्याचं आहे की," आप्पा म्हणाले.

"आमचं? कशावरून?"

"काम बघा ना!"

साहेबांनी चष्मा चढवला. वाकून पहिल्या बाकाखाली पाहिलं. खिळे मोजायला घेतले, तिसाच्या पुढे दमले. डुगडुगणारा पाय हलवून बघितला, त्याखालची वीट बघितली. पत्रा एका बाजूने खाली आलेला, रंगाचे ओघळ. मग पहारवाल्या दोघांकडे पाहिलं. त्या दोघांनीही मान डोलावली.

"हो," साहेब खजील होऊन म्हणाले, "आमचंच आहे. नोंद करायची राहिली असणार." त्यांनी तिथल्या तिथे वहीत नोंद केली, दोन्ही बाकांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकले, आणि वेळापत्रक चांगलं ठेवल्याबद्दल खिडकीच्या गजांतून चिमीच्या डोक्यावरून हात फिरवून निघूनसुद्धा गेले. रांगेने टाळ्या वाजवल्या!

पुढच्याच्या पुढच्या बसमध्ये आम्हाला शिरायला मिळालं. आप्पा आमच्यासाठी थांबले होते. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्या जवळ गेलो.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही कधी खोटं बोलत नाही. आज माझ्यासाठी बोललात. मला वाचवलंत!"

"तुला कुठलं वाचवतोय?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी मला वाचवलं. तू पुढे येऊन 'मी केला' म्हणाला असतास, आणि त्या माणसाने विचारलं असतं, की हा मुलगा कोणाचा? चाळीस माणसं उभी होती रे! त्यातल्या तिघांची दारं मी केलेली आहेत."

ही फिसकन हसली. चिमी हसली. कंडक्टरही हसला, त्याचा काही संबंध नसताना!

हसा, तुम्हीही हसा. यात "छान" हा शब्द नव्हता, मान्य. पण "हं" तरी कुठे होतं? पंचेचाळीस वर्षांत माझ्या एखाद्या कामाबद्दल आप्पा इतकं सविस्तर पहिल्यांदाच बोलले!