मुद्दाम मागवलेलं उजवं स्टीअरिंग

आखातात, करामाला राहणाऱ्या प्रकाश टिपणिसांनी त्या वर्षी सुट्टीत माहेरी जाण्याऐवजी गाडी घ्यायचं ठरवलं. माहेर अर्थात बायकोचं, प्रमिलाचं. (स्वतःच्या कशावर पाणी सोडणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.)

"दर शुक्रवारी फुजैरा," त्यांनी वचन दिलं. "समुद्र, डोंगर, मोकळी हवा. पुण्यात काय आहे?"

"आई आहे," प्रमिला म्हणाली. तरी तिने तिकिटं रद्द केली, आईला फोन केला आणि बराच वेळ रडली.

इथली गाडी प्रकाशला नको होती. इथे स्टीअरिंग डावीकडे. ऑफिसची गाडी चालवताना गिअर टाकायला सवयीने डावा हात जायचा आणि धाडकन दार उघडायचं. त्यांचे साहेब तेव्हापासून बसने येत होते.

अशात जपानमधल्या एका जुन्या डिझेल जीपचा फोटो हाती लागला. फोर-व्हील, म्हातारी पण दणकट, आणि स्टीअरिंग चक्क उजवीकडे. प्रकाशला गहिवरून आलं. जपानी माणूसही आपल्यासारखाच! कुणाला काही विचारायच्या भानगडीत न पडता त्यांनी ती मागवून टाकली. विचारलं की लोक फाटे फोडतात.

जहाज लागलं. शारजाच्या यार्डात क्लिअरिंग एजंट अन्वर (मूळचा रत्नागिरीचा) जीपभोवती फिरून थांबला.

"साहेब, स्टीअरिंग उलट्या बाजूला आहे."

"सुलट्या. मुद्दाम मागवलंय."

"अहो, ही इथे पास होत नाही. रस्त्यावर आणताच येणार नाही. खलास."

"काहीतरी कर ना, अन्वर."

"इन्शाल्ला," अन्वर म्हणाला. आखातात राहिलेल्या माणसाला या शब्दाचे सगळे सूर कळतात. हा दुखवट्याचा होता.

घरी सांगितलं तेव्हा प्रमिला ओरडली नाही, हे जास्त वाईट. "ज्याच्यासाठी आईला नाही म्हटलं, ते दाखवा तरी," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी थालीपिठं बांधून, मुलीला घेऊन, टॅक्सी करून सगळे यार्डात आले. प्रमिला जीपमध्ये जाऊन बसली. प्रकाश मुकाट्याने स्टीअरिंगमागे बसले. समोर गंजके कंटेनर, वर रणरणतं ऊन.

"बाबा, इज धिस फुजैरा?" मागून मुग्धाने विचारलं.

धरणी दुभंगेल तर बरं, असं प्रकाशला झालं. धरणी यार्डवाल्यांची होती, ती जागची हलली नाही.

तेवढ्यात वॉचमन शौकत आला. डावीकडे बसतो तो ड्रायव्हर, या हिशेबाने त्याने प्रमिलाची काच ठोठावली. "मॅडम, गाडी थोडा पीछे लो. कंटेनर आ रहा है."

"मैं नहीं, ये चलाते हैं."

शौकतने वाकून पलीकडे पाहिलं. "साहब? मैं समझा, साहब को कुछ आता नहीं, इसलिए साइड में बिठाया है."

"बराबर समझा," प्रमिला म्हणाली आणि डबा आवरायला लागली. "भैया, यहाँ से एअरपोर्ट की टॅक्सी मिलेगी?"