गाळाचं तोंड

वाहत्या पाण्यावर कोणत्याही सरकारचा विश्वास असतो, कारण तपासनीस येईपर्यंत ते पुढच्या जिल्ह्यात पोचलेलं असतं. गाळ मात्र भारी चोंबडा. जागचा हलत नाही, आणि विचारलं की चाळीस वर्षांपूर्वीचंही सगळं सांगून मोकळा होतो.

रशियातल्या उरल पर्वताच्या पायथ्याशी, अणुवीज केंद्राच्या खालच्या अंगाला, या चोंबड्याचं तोंड बंद ठेवायचं काम सरकारी तपासनीस झुफर मिन्नियारोव बावीस वर्षं इमानेइतबारे करत होता. पद्धत अत्यंत शास्त्रीय. नमुने घ्यायला नदीवर नऊ ठिकाणं. जिथला गाळ मर्यादेबाहेर किरणोत्सारी निघेल, ते ठिकाण ‘अप्रातिनिधिक’ ठरवून थोडं वर सरकवायचं. असं करत करत सात ठिकाणं केंद्राच्याही वर, डोंगराशी जाऊन बसली. (तिथला गाळ उत्कृष्ट आहे.) प्रदूषण एकोणनव्वद टक्क्यांनी घटलं आणि झुफरला पदक मिळालं.

अडचण फक्त मुग्लिफा आपाची होती. म्हातारीची एकुलती एक गाय काठच्या कुरणात चरायची, जिथे दर पुराचा गाळ बसतो. आणि दूध प्यायची तिची चार वर्षांची नात. पोरीला ते द्यावं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. झुफरनं अहवालच वाचून दाखवला आणि प्रत तिच्या हाती ठेवली. कुरण निर्धोक, दूध निर्धोक, खाली सही आणि शिक्का.

आपाचा जीव भांड्यात पडला. तिनं चहा मांडला. चहा म्हणजे दुधाचाच, आणि पाहुण्यानं तो नाकारणं म्हणजे घराचं नाक कापणं. ती दूध ओतणार, तोच झुफरनं कपावर हात धरला.

"डॉक्टरनं दूध बंद केलंय, आपा."

"गेल्या साली तुझ्या साहेबांचंही केलं होतं," आपा शांतपणे म्हणाली. "त्यांच्या ड्रायव्हरचंही. तुमच्या खात्याचा डॉक्टर मोठा हुशार दिसतो, बाबा."

झुफरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही त्यानं काढला नाही.

नातीचं दूध त्याच दिवशी बंद झालं. आठवड्यात गाय विकली गेली. सही-शिक्क्याचा कागद सोबत असल्यानं शहरातल्या डेअरीवाल्यानं एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून झुफर स्वतःच्या घरीही कोराच चहा पितो.

तुम्ही? दूध घालूनच ना? घ्या, घ्या. कागद आहे.